अतिमानवकथेचा रसिक

वाङ्मयेतिहासात वाचकाचा विचार बहुधा शेवटी होतो. आधी लेखक, मग कृती, मग संप्रदाय आणि प्रभाव, आणि हे सारे सांगून झाल्यावर उरलेल्या जागेत वाचक, असा क्रम रूढ आहे. अमेरिकेतील अतिमानव नायकांच्या चित्रपुस्तिकांचा, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या शब्दात सांगायचे तर कॉमिक्सचा, इतिहास लिहू पाहणाऱ्याला मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. या वाङ्मयाकडे विद्यापीठांनी कित्येक दशके ढुंकूनही पाहिले नाही. प्रतिष्ठित नियतकालिकांतील परीक्षणांची सदरे त्याच्या वाट्याला आली नाहीत. प्रकाशकांच्या लेखी तर तो महिनाभर विकायचा आणि उरल्यास रद्दीत घालायचा माल होता. तेव्हा चांगले कोणते, सामान्य कोणते, जपून ठेवावे असे कोणते, हे ठरविण्याचे काम चाहत्यांनाच करावे लागले. नव्या अंकांतून आणि पुढे नव्या चित्रपटांतून चाहत्याने केलेली निवड हीच या क्षेत्रातील दीर्घकाळची एकमेव समीक्षा होय. तिने काय पाहिले आणि कोठे तिची दृष्टी मंदावली, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीच्या इतिहासापुरता राहत नाही.

या परंपरेचा आरंभच मुळी चाहत्यांपासून होतो. 1932 साली क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन शाळकरी तरुण वैज्ञानिक अद्भुतकथांचे निस्सीम वाचक होते आणि 'सायन्स फिक्शन' नावाचे एक हौशी पत्रक काढीत होते. मराठी वाचकाने येथे आपल्या शाळा-महाविद्यालयांतील हस्तलिखित मासिकांची आठवण करावी. उत्साहाची जात तीच आहे. या पत्रकाच्या जानेवारी 1933 च्या अंकात 'सुपरमॅन' हे नाव प्रथम आले, परंतु तेव्हा ते एका टकल्या खलपुरुषाचे होते. तोच शब्द उपकारकर्त्या नायकाला लाभून 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून 1938 च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याच 1932 साली न्यूयॉर्ककडे ज्यूलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वायसिंगर हे दोघे 'द टाइम ट्रॅव्हलर' नावाचे असेच एक पत्रक चालवीत होते. पुढे वायसिंगर सुपरमॅनच्या पुस्तिकांचा संपादक झाला आणि श्वार्ट्झने 1956 नंतर या साऱ्या प्रकाराला दुसरा जन्म दिला. म्हणजे निर्माते आणि रसिक यांच्यातील जी भिंत इतर वाङ्मयात गृहीत धरली जाते, ती येथे पहिल्यापासूनच फार पातळ होती.

दुसऱ्या जन्माची गरज पडली, कारण महायुद्धानंतर अतिमानवांची लोकप्रियता ओसरली होती. 1954 साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्या ग्रंथाने कॉमिक्सवर मुले बिघडविल्याचा आरोप ठेवला, सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली आणि प्रकाशकांनी भयापोटी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. हा सारा भाग पुष्कळदा सांगितला गेला आहे. त्याची एक बाजू मात्र दुर्लक्षिली जाते. ज्या वाङ्मयाविषयी न्यायासनासमोर बोलावे तसे बोलले जाऊ लागले, त्याची बाजू घेणाऱ्यालाही प्रमाणे गोळा करावी लागली. चाहता अभ्यासू झाला तो काही अंशी या दडपणामुळे.

1956 मध्ये श्वार्ट्झच्या संपादनाखाली 'शोकेस'च्या चौथ्या अंकात 'फ्लॅश' हा जुना नायक नव्या रूपात आला. या कथेतील एक तपशील मोठा सूचक आहे. नवा नायक बॅरी ॲलन हा स्वतःच जुन्या 'फ्लॅश'च्या पुस्तिकांचा वाचक असून आवडत्या पात्राचे नाव तो स्वतःला घेतो. चाहत्याला कथेत प्रवेश मिळाला तो असा. त्यानंतर श्वार्ट्झने वैज्ञानिक कथामासिकांची जुनी प्रथा उचलून वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्यास आरंभ केला. ही गोष्ट दिसायला क्षुल्लक, पण तिचा परिणाम दूरगामी झाला. गावोगावी एकेकटे असलेले वाचक परस्परांना पत्रे लिहू लागले. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात विज्ञान शिकविणारे जेरी बेल्स यांनी मार्च 1961 मध्ये 'ऑल्टर-ईगो' हे पत्रक काढले ते याच पत्रव्यवहारातून. मिसूरीतील रॉय टॉमस हा त्यांचा सहकारी व्यवसायाने इंग्रजीचा शिक्षक झाला. 1965 साली तो मार्व्हल संस्थेत लेखक म्हणून दाखल झाला आणि 1972 मध्ये तेथील प्रमुख संपादकाच्या खुर्चीवर बसला.

या मंडळींनी वर्षातील उत्तम कृती निवडण्यासाठी 'ॲली' पुरस्कार सुरू केले. त्यांचे नाव व्ही. टी. हॅम्लिनच्या चित्रमालिकेतील आदिमानवावरून घेतलेले होते आणि 1961 पासून 1969 पर्यंतच्या वर्षांसाठी ते दिले गेले. त्याच सुमारास 'झीरो' या पत्रकातून जुन्या पुस्तिकांवर लिहिले गेलेले लेख 1970 साली ग्रंथरूप झाले. पुरस्कारांचे निकाल आज कोणाला आठवत नसतील. परंतु निवड करताना या वाचकांना ज्या प्रश्नाशी यावे लागले, तो प्रश्न महत्त्वाचा ठरला. एखादी कथा इतरांहून चांगली आहे असे म्हटले की ती कोणाची, हे विचारणे ओघानेच येते. आणि पुस्तिकांवर तर बहुधा नावच नसे.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण अतिमानवांच्या बाहेरचे आहे, तरी ते वगळता येत नाही. डिस्नेच्या बदकांच्या पुस्तिकांवर डिस्ने यांचेच नाव छापलेले असे. तथापि लहान वाचकांना त्यांपैकी काही कथा वेगळ्या भासत. रेषा अधिक बोलकी, विनोद अधिक मुरलेला. त्या अनाम हाताला ते 'चांगला बदकवाला' म्हणत. 1960 साली काही चाहत्यांनी चिकाटीने पत्रव्यवहार करून त्याचे नाव शोधले, तेव्हा कार्ल बार्क्स प्रकट झाला. 1942 पासून तो हे काम करीत होता. नाव ठाऊक नसताना केवळ रेषेवरून कर्त्याचे वेगळेपण ओळखणे ही मुरलेल्या समीक्षकालाही अवघड जाणारी गोष्ट आहे. ती दहा-बारा वर्षांच्या मुलांनी केली. 'अमर चित्रकथा'तील राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांची रेखाटने शेजारी ठेवून ज्यांनी त्यांतील भेद न्याहाळला असेल, त्यांना या शोधाचा आनंद समजावून सांगावा लागणार नाही.

बॅटमनच्या बाबतीत हाच प्रश्न आनंदापुरता न राहता न्यायाचा झाला. मे 1939 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये अवतरलेल्या या नायकाचा एकमेव जनक म्हणून बॉब केन याचेच नाव करारानुसार छापले जात होते. वस्तुतः नायकाचे झग्याचे व मुखवट्याचे रूप, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे नगर आणि आरंभीच्या अनेक कथा यांत बिल फिंगर या लेखकाचा वाटा निर्णायक होता. 1965 साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या चाहत्यांच्या संमेलनात फिंगर व्यासपीठावर आला. बेल्स यांनी त्याला बोलते केले आणि त्याच्या कर्तृत्वाची हकीकत लिहून प्रसृत केली. केन संतापला. चाहत्यांच्याच एका पत्रकाला लांबलचक पत्र लिहून त्याने हे सारे नाकारले. हे पत्रच फार बोलके आहे. ज्याच्या नावावर लक्षावधी प्रती खपत होत्या, त्याला चार दोनशे वाचकांच्या पत्रकाला उत्तर देण्याची गरज वाटावी, यातच त्या वाचकांचा अधिकार मान्य झाला होता. फिंगर 1974 मध्ये विपन्नावस्थेत वारला. 1989 च्या आत्मचरित्रात केनने त्याचे ऋण उशिरा कबूल केले. प्रकाशकांनी तर 2015 साली, म्हणजे बेल्स यांच्या लेखानंतर पन्नास वर्षांनी, फिंगरचे नाव केनच्या जोडीने देण्याचे मान्य केले. विद्वत्तेच्या कोणत्याही पीठाने हा प्रश्न उपस्थित केला नव्हता.

सीगल आणि शुस्टर यांची कथा याहून प्रसिद्ध आहे. सुपरमॅनचे सर्व हक्क त्यांनी 1938 मध्ये 130 डॉलरला दिले. 1975 साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असे जाहीर झाले, तेव्हा सीगलने वृत्तपत्रांकडे जळजळीत निवेदन पाठविले. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी लोकमत उभे केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस दोघांना वार्षिक 20,000 डॉलरचे निवृत्तिवेतन व गमावलेले श्रेय मिळाले. 1978 च्या चित्रपटात त्यांची नावे दिसतात ती त्यामुळे. पुढे 2012 मध्ये ते 130 डॉलर ज्यात समाविष्ट होते तो मूळ धनादेश लिलावात 1,60,000 डॉलरला विकला गेला. कागदाचा हा मान कर्त्यांच्या हयातीत त्यांना लाभला नाही.

येथपर्यंत चाहत्याच्या निवडीचे गुणगान करावे तेवढे थोडे. परंतु तिच्यात दुसरीही एक प्रवृत्ती पहिल्यापासून होती. एक निवड हात ओळखते, तर दुसरीला पात्र आपलेसे करून हवे असते. मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांनी दोहोंनाही चुचकारले. लेखक, रेखाटनकार, शाई भरणारा, अक्षरे लिहिणारा अशी सर्वांची नावे ते पहिल्या पानावर थाटाने देत. त्याचबरोबर कथेतील विसंगती दाखवून तिचे समर्थनही करणाऱ्या वाचकाला 'नो-प्राइझ' नावाचे पारितोषिक मिळे. ते म्हणजे निव्वळ रिकामे पाकीट असे. विनोद चांगला होता. पण त्यामुळे कथेतील घटनांचा परस्पर मेळ बसणे हाच कथेचा गुण समजला जाऊ लागला, आणि या समजुतीने पुढच्या लेखकांना पुष्कळ जखडून टाकले.

1973 च्या सुमारास ब्रुकलिनमधील शिक्षक व संमेलनांचे संयोजक फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांकडून थेट, परत न करण्याच्या बोलीवर, अधिक सवलतीने माल घेण्याची पद्धत पाडली. तिच्यामुळे कॉमिक्सची स्वतंत्र दुकाने उभी राहिली आणि धंदा तरला. तथापि औषधांच्या दुकानातील फिरत्या मांडणीपुढे दहा सेंट घेऊन उभे राहणारे मूल हळूहळू दिसेनासे झाले. जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहावे अशी स्थिती आली. 1988 मध्ये तर बॅटमनचा बालसहकारी जेसन टॉड जगावा की मरावा, याचा कौल प्रकाशकांनी दूरध्वनीवरून मागविला. दर कौलाला पैसे पडत होते. 5,343 मते मृत्यूच्या बाजूने आणि 5,271 विरुद्ध पडली; 72 मतांनी एक पात्र मारले गेले. ही निवड खरीच, पण तिच्यात रेषेचा, रचनेचा, लेखकाच्या वळणाचा विचार कोठे होता? बार्क्सला शोधणाऱ्या मुलांशी या मतदारांचे नाते दूरचेच म्हणावे लागेल.

चित्रपटांच्या युगात ही दुसरी प्रवृत्ती बलवत्तर झाली. 1989 च्या 'बॅटमन'साठी विनोदी भूमिकांबद्दल ओळखला जाणारा मायकेल कीटन निवडला गेला, तेव्हा हजारो निषेधपत्रे आली. चित्रपट पाहिल्यावर त्यांतील बहुतेक विरोध विरून गेला. न पाहिलेल्या कृतीवर निर्णय देण्याची ही सवय आज अधिकच बळावली आहे. 2008 च्या 'आयर्न मॅन'पासून एकामागून एक चित्रपट परस्परांत गुंतवीत नेण्याची जी रीत पडली, ती मुळात चाहत्याच्या स्मरणशक्तीवर उभी आहे. ज्याला मागचे आठवते त्याला पुढचे कळते. सामान्य प्रेक्षकाला ती काही वर्षे भावली. 2019 नंतर तिचा शीण जाणवू लागला. याच रीतीने एक गमतीचा परिणाम मात्र घडविला. श्रेयनामावलीच्या अखेरीस एखादा छोटा प्रसंग दाखविण्याचा परिपाठ असल्यामुळे, एरवी दिवे लागताच उठणारे लोक शेकडो नावे डोळ्यांसमोरून सरकेपर्यंत बसून राहू लागले.

त्या नावांत जॅक कर्बी हे नाव आता ठळकपणे येते. 1940 मध्ये जो सायमनच्या साथीने 'कॅप्टन अमेरिका' आणि 1961 मध्ये ली यांच्या जोडीने 'फॅन्टॅस्टिक फोर' निर्माण करणारा हा चित्रकार 1994 मध्ये वारला. त्याच्या वारसांशी मार्व्हलचा समेट झाला तो सप्टेंबर 2014 मध्ये. कर्बीची बाजू चाहत्यांची पत्रके त्याच्या हयातीतच मांडीत आली होती. जुलै 2025 मध्ये 'फॅन्टॅस्टिक फोर'वर जो नवा चित्रपट आला, त्यातील घटना ज्या काल्पनिक पृथ्वीवर घडतात तिचा क्रमांक 828 असा आहे. ऑगस्टची 28 तारीख हा कर्बीचा जन्मदिवस. चित्रपटगृहातील बहुसंख्यांना त्या आकड्यात काही दिसले नसेल. ज्यांनी तो पाहताच ओळखला, त्यांच्यातील कित्येकांनी कर्बीच्या रेषेवर पोसलेले बालपण घालविले होते.