एमीची बाहुली नक्की कोणासाठी?

अमेरिकेतला एमी पुरस्कारांचा सोहळा बहुधा रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट. त्यासाठी साडेपाचला उठणाऱ्या माणसाला घरचे काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. पण त्यातला एक प्रश्न रास्त आहे. "त्यांचं त्यांनी एकमेकांना दिलं, त्यात तुझं काय?" उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा.

पहिला सोहळा झाला २५ जानेवारी १९४९ ला, हॉलिवूड अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये. भारतात टीव्ही यायला अजून दहा वर्षं होती आणि मुंबईत तर तो १९७२ साली आला. तिकीट होतं पाच डॉलर, पुरस्कार अवघे सहा, आणि तेही फक्त लॉस एंजेलिस परिसरातल्या कार्यक्रमांसाठी! पहिली मानकरी शर्ली डिन्सडेल. वय वीसच्या आसपास, कॉलेजात शिकणारी मुलगी, हातात बोलकी बाहुली घेऊन कार्यक्रम करायची. 'एमी' हे नावही कुठल्या बाईचं नाही बरं का. त्या काळच्या कॅमेऱ्यात 'इमेज ऑर्थिकॉन' नावाची नळी असायची, तिचं लाडाचं नाव 'इमी'. मूर्ती मात्र स्त्रीची ठरली (लुई मॅकमॅनस या अभियंत्याने आपल्या पत्नीला समोर ठेवून ती घडवली), म्हणून इमीची झाली एमी. पाठीला पंख कलेचे, हातात अणू विज्ञानाचा.

म्हणजे सुरुवात अगदी गल्लीतल्या गणेशोत्सवातल्या बक्षीस समारंभासारखी. देशभर प्रक्षेपण व्हायला १९५५ साल उजाडलं. मग मात्र हा सोहळा मोठ्या वाहिन्यांच्या प्रतिष्ठेचा मामला झाला. रुसवेफुगवेही आले. १९६४ मध्ये सीबीएस आणि एबीसी या दोन बड्या वाहिन्यांनी बहिष्कार टाकला. १९८० मध्ये कलाकारांचा संप होता. नामांकन मिळालेल्या कलाकारांपैकी पॉवर्स बूथ हा एकटाच पुरस्कार घ्यायला हजर राहिला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. जानेवारी १९८१ मध्ये एनबीसीवर 'हिल स्ट्रीट ब्लूज' नावाची पोलीस ठाण्यावरची मालिका सुरू झाली. डझनभर मुख्य पात्रं, एकात एक गुंतलेली कथानकं, एका भागात न संपणाऱ्या गोष्टी. आज यात काहीच नवल वाटणार नाही, पण तेव्हाचे प्रेक्षक गोंधळले. प्रेक्षकसंख्येच्या यादीत मालिका पार तळाशी. अमेरिकेत अशा मालिकेचं काय होतं? जाहिरातदार पाठ फिरवतात आणि एके दिवशी गाशा गुंडाळला जातो. पण त्या वर्षी तिला २१ नामांकनं मिळाली आणि ८ पुरस्कार. मालिका १९८७ पर्यंत चालली. पुढच्या कित्येक मालिका तिच्याच वाटेने गेल्या. 'चीअर्स'चीही तीच कथा. १९८२ साली सुरू झाली तेव्हा बघायला कुत्रं नव्हतं. १९८३ मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी मिळाला, आणि ती तब्बल ११ हंगाम चालून १९९३ मध्ये संपली, देशातल्या सर्वांत लाडक्या मालिकांपैकी एक म्हणून.

केवळ पुरस्कारामुळे त्या वाचल्या असं मी म्हणत नाही. वाहिनी तेव्हा मागे पडलेली होती, त्यामुळे थोडं थांबून बघण्यात फारसं नुकसानही नव्हतं. पण टीव्हीच्या धंद्यात आकडेमोड करणाऱ्या माणसापुढे टाकायला दुसरा कुठला कागद नसतो. एमी हा तो कागद. जो आधीच गाजलाय त्याला तो मिळाला काय नि न मिळाला काय, काही बिघडत नाही. ज्याच्या मानेवर सुरी आहे, त्याला मात्र तो एक वर्षाची मुदत मिळवून देऊ शकतो.

"मग 'द वायर'चं काय?" असं कोणीतरी विचारणारच. बाल्टिमोर शहराचा, तिथल्या पोलिसांचा, गोदी कामगारांचा, शाळांचा पाच हंगामांत (२००२ ते २००८) उभा केलेला तो पट. माझ्या मते टीव्हीवर याहून मोठं काम झालेलं नाही. एमी किती? शून्य. नामांकनं दोन, तीही लेखनाची. हा परीक्षकांचा अपराधच आहे, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण ती मालिका जगली, कारण एचबीओ वर्गणीवर चालतं, जाहिरातींवर नाही. प्रेक्षक थोडे असूनही तिला पाच हंगाम मिळाले. उलट १९८१ साली एनबीसीवर ती आली असती आणि असाच शून्य पदरी पडला असता, तर दुसरा हंगामसुद्धा दिसला नसता. म्हणून परीक्षकांच्या चुकांची मला चीड येते. चुकीच्या माणसाला बाहुली मिळाली याचं दुःख एका रात्रीचं. कोणाला मुदत मिळाली नाही आणि काय काय बघायचं राहून गेलं, हे तर आपल्याला कळतही नाही.

या परीक्षकांना उशिरा जाग येते हेही खरं. नाट्यमय मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार कृष्णवर्णीय स्त्रीला (व्हायोला डेव्हिस) मिळायला २०१५ उजाडावं लागलं. पण दार उघडतं, हळूहळू का होईना. २०२४ मध्ये 'शोगुन'ने एका वर्षात १८ एमी नेले, आणि त्यातले बहुतेक संवाद जपानी! एका शहरापुरता सुरू झालेला पुरस्कार इथवर आला.

असो. तर "त्यात तुझं काय?" याचं माझं उत्तर एवढंच: नावाजलेली मंडळी जिंकतात तेव्हा मी चहा ओतून घेतो. कोणी न बघितलेल्या मालिकेचं नाव पुकारलं की मात्र कान टवकारतो. तुमचीही एखादी आवडती मालिका अशी अर्ध्यात गुंडाळली गेली असेलच की. कोणती ती?