कांदा ‘ने’ जातो, पंत ‘ला’ जातो

‘पंत सत्तावीस कोटींना गेला.’ चार शब्दांचं वाक्य, आणि त्यात क्रिकेट कुठेच नाही. बॅट नाही, धाव नाही, मैदान नाही. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाह शहरात आयपीएलचा मोठा लिलाव झाला, लखनऊने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, आणि अंबडच्या एमआयडीसीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर या वाक्याला दुसरा विषयच उरला नाही. (अंबड म्हणजे नाशिकचं. जालन्याच्या अंबडकरांनी राग मानू नये.)

वाक्यातला ‘ना’ जरा निरखून पाहा. इथले निम्मेअधिक कामगार निफाड, चांदवड, दिंडोरी किंवा खानदेशातल्या गावांतून आलेले. घरी कांदा, द्राक्ष, थोडी मका. लासलगावला ट्रॅक्टर नेऊन आलेला भाऊ फोनवर सांगतो, ‘कांदा पंधराशेने गेला.’ बैल विकला तर मात्र ‘साठ हजाराला गेला.’ मोजून-मापून विकायच्या मालाचा दर ‘ने’ने सांगायचा आणि अख्ख्या नगाची किंमत ‘ला’ने, हा नियम कुठल्या शाळेत शिकवलेला नाही; पण नाशिक जिल्ह्यात तो कुणी मोडल्याचं ऐकू येत नाही. खेळाडू आले तेव्हा भाषेला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तिने त्यांना बैलांच्या रांगेत बसवलं.

आता खुद्द ‘लिलाव’. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरला. त्यांचा शब्द ‘लेइलाँव’, शेवटी नाकात जाणारा. त्यांच्या ‘पाँव’चा आपण पाव केला, तसाच या ‘लेइलाँव’चा लिलाव. पगार, चावी आणि कांदा भरायचं घमेलं हेही त्याच गलबतातले. म्हणजे अंबडचा कामगार महिन्याच्या सात तारखेला जे घेतो आणि त्याचा बाप बाजार समितीत जे करतो, त्या दोन्हींची नावं एकाच बंदरात उतरली. हिंदीने ‘ल’चा ‘न’ करून नीलाम केला, मल्याळममध्ये तो लेलम झाला, तमिळने पुढचा ‘ल’ गाळून एलम म्हटलं, आणि मलायाच्या किनाऱ्यावर तो लेलाँग झाला. एवढा फिरलेला शब्द आपल्या भाषेत क्वचितच सापडेल.

पण पोर्तुगिजांचाही तो मूळचा नव्हे. त्यांनी तो अरबांकडून घेतला: ‘अल्-इलाम’, म्हणजे जाहीर करणं, सर्वांना कळवणं. थोडक्यात दवंडी. विक्री नंतरची, आधी ओरडणं. जेद्दाहच्या त्या सभागृहात मल्लिका सागर खेळाडूंची नावं पुकारत होत्या, तेव्हा हा शब्द आपल्या आजोळी आला होता. मौज अशी, की आजोळी त्याला कुणी ओळखत नाही. अरबीत आज लिलावाला ‘मजाद’ म्हणतात. वाढवत नेणं, असा त्याचा अर्थ.

गोव्यातला तो जुना लिलाव एका डच माणसाने पाहून लिहून ठेवला आहे. यान हुयखेन व्हॅन लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. शहराच्या मुख्य रस्त्यावर सकाळी सात ते नऊ बाजार भरायचा आणि त्याला ‘लेलोन’ म्हणत, असं तो सांगतो. देशोदेशीचा माल तिथे यायचा. घोडे यायचे. आणि माणसंही: बायका, पुरुष, तरुण, म्हातारे, आमच्याकडे गुरं विकतात तशी, असं त्याने नोंदवलं आहे. शब्दांचा इतिहास चाळताना असा एखादा परिच्छेद लागतो आणि मग ‘अमुक खेळाडू विकला गेला’ हा मथळा पूर्वीसारखा सहज वाचता येत नाही. आजचे खेळाडू कोट्यवधी कमावतात, स्वतःहून नाव नोंदवतात. त्यांची त्या अभाग्यांशी तुलना करणं हा आचरटपणा होईल. तरी शब्द तोच आहे, एवढं माहीत असावं.

लिलाव येण्याआधी आपण मुके होतो असं नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात आजही ‘जाहीर हर्रास’ निघतो. तोही अरबीच, ‘हराज’वरून आलेला, पण खुश्कीच्या मार्गाने. गोव्यात देवाला वाहिलेल्या वस्तूंची ‘पावणी’ होते. आणि ‘बोली’ तर घरची, बोलणे या क्रियापदाची सख्खी लेक. लासलगावच्या आवारात ती नावाला जागून आहे. ट्रॉल्यांच्या रांगेतून बाजार समितीचा माणूस पुढे, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. कुणी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा वर काढतो, गोल्टी किती, खाद किती ते पाहतो, आणि आकडे खरोखर तोंडाने बोलले जातात. मिनिटभरात ट्रॉलीचा निकाल. आयपीएलमध्ये संघमालक हातातली पाटी वर करतात, तोंडातून अक्षर काढत नाहीत. बोलते फक्त लिलाव करणारी बाई. तरी आपण म्हणतो, ‘मुंबईने बोली लावली.’

मुकी बोली आपल्याला नवी नाही म्हणा. पूर्वी धान्याच्या आणि गुरांच्या बाजारात हत्ता पद्धत होती. उपरण्याखाली दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटं दाबत, आणि बाहेर उभ्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. ती बंद करून उघड लिलाव आणावा म्हणून बाजार समित्यांचे कायदे झाले. महाराष्ट्राचा १९६३ चा. ‘इलाम’, म्हणजे सर्वांना कळवणं, हा शब्दाचा मूळ अर्थ त्या कायद्याने शेतकऱ्याला परत मिळवून दिला, असं म्हणायला हरकत नाही.

एवढं झालं विक्रीचं. पण टपरीवर खरी गंमत विक्रीच्या आधीची असते. संघ आपले राखलेले खेळाडू जाहीर करतात आणि तिथून लिलावापर्यंत हिशेबांना ऊत येतो. २०२४ ला प्रत्येक संघाला १२० कोटी होते. मुंबईने बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक असे पाच राखले, त्यात ७५ गेले.

‘पंचेचाळीस राहिले भाऊ. बोल्टला आणतील बघ परत.’

‘त्याला कोण सोडतंय एवढ्यात? राजस्थान कार्ड दाखवंल.’

‘राजस्थाननं सहा राखले. कार्ड कुठून दाखवंल?’

हा शेवटचा प्रश्न विचारणारा सीएनसीवर काम करणारा पोरगा. मायक्रॉनमध्ये मोजायची सवय असलेल्या माणसाला नियमातली फट दिसणारच. कार्ड म्हणजे दुसऱ्याच्या बोलीइतके पैसे देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क; सहा जण राखले की ते संपलं, हे त्याला पाठ होतं. बोल्ट साडेबारा कोटींना मुंबईकडे आलाही.

याला ते म्हणतात ‘अंदाज’. आणि माझ्या मते या सगळ्या शब्दसंसारातला सर्वांत सुरेख दुवा इथे आहे. अंदाज फारसी ‘अंदाख्तन’वरून येतो, म्हणजे फेकणं, टाकणं. तीर फेकणारा तो तिरंदाज. तोफेतून गोळा टाकणारा तो गोलंदाज. पेशव्यांच्या तोफखान्यातला हा हुद्देदार निवृत्त झाल्यावर क्रिकेटमध्ये नोकरीला लागला. म्हणजे बोल्ट चेंडू टाकतो तोही अंदाज, आणि तो कुठल्या संघात पडेल हे टपरीवरचा पोरगा सांगतो तोही अंदाजच. दोघेही नेम धरून हवेत काहीतरी फेकतात. गोलंदाजाच्या धाटणीवर मराठीने ‘फलंदाज’ घडवला, तो मात्र विनोदी झाला आहे. फळी फेकणारा, असा त्याचा अर्थ होतो, आणि तसं करणाऱ्याला पंच समज देतात. शब्द इतका रुळला, की आता त्याच्यावर हसणाराच वेडा ठरेल.

अंदाजाची भावंडंही पाहण्यासारखी आहेत. कयास अरबी, मोजून, ताडून पाहणं. होरा वाटतो अस्सल पंचांगातला, पण तो ग्रीकांच्या ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला, इंग्रजांच्या ‘अवर’चा चुलतभाऊ. अटकळ आणि आडाखे आपल्या घरचे. क्रियापदं बघा: अंदाज बांधतात, अटकळ बांधतात, आडाखे बांधतात, कयासही बांधतात. तर्क तेवढा ‘लढवतात’. होरा ना बांधत, ना लढवत. तो नुसता चुकतो किंवा खरा ठरतो. टपरीवर हे सगळे प्रकार चालतात. पाचच राखले की सहा, हे पाहून बोलणारा आडाखे बांधतो. ‘माझं मन सांगतंय, शमी आपल्याकडं’ म्हणणाऱ्याचा होरा असतो.

त्याच लिलावात नाशिकचा रामकृष्ण घोष चेन्नईकडे गेला, ३० लाखांना. ‘आपल्या घोषला चेन्नईनं उचललं!’ या वाक्यातला ‘उचलणे’ ऐकून मी थबकतो. बाजारात व्यापारी माल उचलतो. आणि ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून मजूर जे पैसे घेतो, त्याचं नावच ‘उचल’. उचल घेतली की तो हंगाम मुकादमाचा. जोडप्याला मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजतात. कोण कुठल्या टोळीत, कुणाची उचल किती, ही चर्चा दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे गावोगाव रंगते, आणि तिच्यावर टीव्हीवर कार्यक्रम होत नाही.

कबड्डीत तर लिलावाच्या आधी दुसराच शब्द होता. प्रो कबड्डी २०१४ ची. त्यापूर्वीच्या पिढ्या ‘महिंद्राला लागला’, ‘एअर इंडियाला लागला’ असं बोलत. चांगला चढाईपटू दिसला की कंपन्या नोकरी देऊन व्यावसायिक संघात घेत, आणि चाहते कोण कुठे लागणार याच्या पैजा मारत. ‘लागणे’ नोकरीला होतं; आज ते बोलीला आहे. २०२३ ला पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली, तेव्हा जुने खेळाडू हरखले असणार आणि हळहळलेही असणार. ‘लागला’ म्हणजे निवृत्तीपर्यंतची सोय होती. ‘गेला’ म्हणजे एक-दोन हंगाम.

याहून चमत्कारिक गोष्ट पगाराची. पंतचे २७ कोटी ही किंमत नाही. ते त्याला मिळणारं एका हंगामाचं मानधन आहे, सरळ भाषेत पगार. पण ‘पंतला सत्तावीस कोटी पगार आहे’ असं कुणी म्हणत नाही. पगारावर जगणारा माणूससुद्धा म्हणत नाही.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हिवाळ्यात टपरीवरच्यासारखीच चर्चा चालते, आणि तिला तिकडे ‘हॉट स्टोव्ह लीग’ असं नाव आहे. दुकानातल्या तापल्या चुलाण्याभोवती बसून केलेल्या गप्पा. आपल्याकडे निफाडचा पारा उतरतो त्याच दिवसांत आपल्या शेकोट्याही पेटतात. तिकडचा खेळाडू मात्र लिलावात उभा राहत नाही. १९७५ पर्यंत क्लब त्याला आपल्याच दावणीला बांधून ठेवू शकत असे. त्या वर्षी २३ डिसेंबरला पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला आणि ‘फ्री एजंट’ जन्माला आला. करार संपला की त्याने वाटेल त्या संघाशी बोलावं. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानीच्या निर्णयाची वाट पाहणाऱ्या चाहत्यांनी कॅलिफोर्नियाहून टोरांटोला निघालेल्या एका विमानाचा माग काढला. तो त्यात आहे, अशी खात्री झाली. उतरला एक कॅनेडियन उद्योजक, आणि ओतानी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, दहा वर्षांच्या ७० कोटी डॉलरांवर. आपला अंबडचा पोरगा बोल्टच्या बाबतीत जास्त नेमका निघाला.

म्हणून एक तक्रार. आपल्या काही क्रीडापानांवर लिलावात उतरलेल्या खेळाडूला अलीकडे ‘फ्री एजंट’ किंवा ‘मुक्त खेळाडू’ म्हणू लागले आहेत. तो मुक्त नाही. कुठल्या संघात जायचं हे तो ठरवत नाही, पाटी ठरवते. आणि विकला गेल्यावर कारण नसताना माघार घेतली तर दोन वर्षं बंदी, जी २०२५ ला इंग्लंडच्या हॅरी ब्रुकला झाली. लिलावात उतरलेल्या अशा खेळाडूला टपरीवर ‘सोडलेला’ म्हणतात. संघाने सोडला, म्हणून सोडलेला. हाच शब्द बरोबर आहे आणि छापायलाही लहान आहे.

तक्रारीनंतर एक विनंती. हत्ता पद्धतीत बोटांच्या खुणांना आकड्यांऐवजी खास शब्द होते. प्रत्येक बाजाराचे वेगळे. ते आता म्हाताऱ्या दलालांच्या तोंडीच उरले आहेत. तुमच्या गावच्या बैलबाजारात ते कुणाला येत असतील, तर लिहून घ्या आणि कळवा. हर्रास, पावणी यांच्या जोडीला तुमच्याकडे लिलावाला आणखी काही म्हणत असतील तर तेही.