विचारणें आणि ऐकणें

मुलांस काय शिकवावें हें लोकांस विचारण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं लेखी निवेदन ठेविलें. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, ही त्यांतील मागणी सर्वश्रुत आहे. आम्हांस मात्र अभ्यासक्रमाचा तपशील अधिक मोलाचा वाटतो. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतकी, नीति आणि आरोग्य. खेड्यांतील शाळेंत विषय थोडे असले तरी चालतील, पण व्यवहारोपयोगांत ते उणे नसावेत. शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतले, प्रसंगीं नांगर अथवा सुताराचा वाकस हातीं धरणारे हवेत!

आज ठाण्याजवळच्या माजिवड्यांत नांगर शोधून सापडावयाचा नाहीं. म्हणून तें मागणें शिळें ठरत नाहीं. घरचें काम शाळेस परकें नसावें, हा त्याचा गाभा अद्याप ताजा आहे. परंतु शिक्षणाचा कायदेशीर हक्क देशभर अंमलांत येण्यास २०१० साल उजाडावें लागलें. विचारलें खरें, ऐकलें कितीसें?

अलीकडचा क्रम तर उलटाच. मे २०२४ मध्यें राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा सूचनांसाठीं खुला झाला, हें योग्यच. पण एप्रिल २०२५ मध्यें पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, गदारोळ उठला, २९ जून रोजीं माघार झाली, आणि त्यानंतर डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे तो प्रश्न गेला. त्या गदारोळांत भाषेखेरीज दुसऱ्या विषयाचें नांवही फारसें निघालें नाहीं. हिशेब, आरोग्य, हातकाम यांविषयीं माजिवड्याच्या पालकांस कोणी विचारतें, तर ते पुष्कळ बोलले असते.