ब्रिज : डिक्लेअररचा खेळ
बोली जिंकणाऱ्या जोडीतला डिक्लेअरर डमीची, म्हणजे समोरच्या जोडीदाराची, 13 पानेही स्वतःच खेळतो. हा खेळ सुधारतो तो मोजणीने, फिनेसच्या धाडसाने नव्हे. समजा, बिनहुकमी डावात एकच दस्त कमी पडतो. एका रंगात एक्का-राजा-राणी-दुर्री आणि समोर तीन छोटी पाने, दुसऱ्या रंगात एक्का-राणी. राजा चुकवून राणीने दस्त काढण्याचा फिनेस 50 टक्के साधतो. त्याआधी पहिल्या रंगाचे तीन दस्त काढून घ्यावेत : बाहेरची सहा पाने 3-3 असण्याची शक्यता सुमारे 36 टक्के; तशी असली तर दुर्रीच हवा तो दस्त देते, आणि नसली तरी फिनेस शिल्लक राहतोच. दोन्ही मिळून सुमारे 68 टक्के. टेबलावर एवढे गणित कोण करणार, हा आक्षेप नेहमीचाच. पण मेंढीकोटात दश्श्यांवर डोळा ठेवणाऱ्याला एका रंगाची 13 पाने मोजणे जड जाऊ नये.