अडीच शिलिंगांचा पाहुणा

इतिहासाच्या व्याख्यानाला येताना श्रोत्यांच्या मनात लढाया, तह आणि दप्तरे असतात. सहल हा व्याख्यानाचा विषय, तोही इतिहासाच्या, हे वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु लोक सुटीच्या दिवशी डबा बांधून कोणाच्या दारी जातात, ते दार त्यांना कोण उघडतो आणि आत गेल्यावर त्यांना काय विचारण्याची मुभा असते, यांतही समाजाचा पुष्कळसा इतिहास साठलेला असतो. मी आज इंग्लंडचे उदाहरण घेणार आहे. कारण तेथे ही रीत जुनी, आणि तिचा धागा शेवटी आपल्या दाराशीही येतो.

दृश्य साधेच असते. उन्हाळ्यातील शनिवारी एखाद्या लहान गावाच्या चौकातून सकाळी बस निघते. आत चाळीसएक माणसे. कोठे स्त्रियांचे मंडळ, कोठे पेन्शनर, कोठे एखाद्या चर्चची मंडळी. अकराच्या सुमारास बस एका उमरावाच्या फाटकातून आत शिरते. मग दालने, तसबिरी, ज्यांवर बसायचे नाही अशा खुर्च्या, मखमली दोरीच्या पलीकडचा पलंग. त्यानंतर बाग, कारंजे, चहा आणि परत. हे वाडे इंग्रज ‘कंट्री हाउस’ म्हणून ओळखतात. त्यांत काही खरोखरचे किल्ले आहेत, पण बहुतेक म्हणजे हजारो एकर जमिनीच्या मधोमध बांधलेले, खंडावर उभे राहिलेले प्रासाद. या प्रासादांची दारे परक्या माणसाला उघडली ती तीन वेळा, आणि तिन्ही वेळा किल्ली वेगळी होती.

पहिली किल्ली शिष्टाचाराची. अठराव्या शतकात भल्या घरच्या प्रवाशाने एखाद्या ड्यूकच्या वाड्याशी गाडी थांबवून आत निरोप पाठवावा आणि ड्यूक घरी नसला तर वाड्याच्या कारभारीणबाईने त्याला दालने दाखवावी, असा परिपाठ होता. जेन ऑस्टिनची १८१३ची कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना आठवेल की, एलिझाबेथ आपल्या मामा-मामींबरोबर डार्सीच्या पेम्बर्लीला जाते ती अशीच, आणि घरधन्याचे गुण तिला ऐकू येतात ते कारभारणीच्या तोंडून. या बायांना पाहुणे बक्षिसी देत, आणि ती थोडीथोडकी नसे. वॉरिकच्या किल्ल्यातील अशा एका वृद्ध कारभारणीने १८३४ मध्ये मरताना तीस हजार पौंड मागे ठेवले, अशी वदंता आहे. आकडा फुगलेला असेल. पण लोकांना तो खरा वाटला, यातच सारे आले.

होरेस वॉल्पोलची फजिती तर ऐकण्यासारखी आहे. पंतप्रधानाचा हा मुलगा. टेम्सकाठी ट्विकनहॅमला त्याने गॉथिक धर्तीचा एक लहानसा हौशी किल्ला उभारला, स्ट्रॉबेरी हिल नावाचा. तो पाहायला एवढी रीघ लागली की त्याला नियम छापावे लागले. दिवसाला चारच माणसे, तीही आधी तिकीट घेतलेली. मे ते सप्टेंबर, दुपारी बारा ते तीन. मुले आणू नयेत. एवढे करूनही उन्हाळ्यात आपल्याच घराचे सुख आपल्याला लाभत नाही, अशी कुरकुर त्याच्या पत्रांत आहेच. घर दाखवणारी मार्गारेट पाहुण्यांच्या पैशांवर इतकी गबर झाली की आता तिच्याशीच लग्न लावावे, म्हणजे पैसा घरात राहील, असा विनोदही त्याने केला आहे.

गंमत सोडली तर एक गोष्ट उरते. दारात येणाऱ्याचा पोशाख आणि गाडी पाहून दार उघडत असे. बागेत कुदळ मारणाऱ्याच्या भावाला ते उघडत नव्हते. आत आलेला पाहुणाही पाहुण्यासारखा वागे: तसबीर कोणी काढली, संगमरवर कोठला, एवढेच विचारी. घर कशाच्या पैशाने बांधले, हे यजमानाच्या दिवाणखान्यात विचारायचे नसते.

दुसरी किल्ली आगगाडीची. जुलै १८४१ मध्ये टॉमस कुक नावाच्या सुताराने दारूबंदीच्या प्रचारासाठी पाचएकशे लोकांना शिलिंगभर भाड्यात लेस्टरहून लफबराला नेले. दारू सुटावी म्हणून निघालेल्या या माणसाने जगाला सहलीचे व्यसन लावले! पुढे थोड्याच वर्षांत त्याच्या सहली उमरावांच्या वाड्यांकडे वळल्या. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा सर्वांना विनामूल्य खुला केला होता. झुंडी येतील, मोडतोड होईल, ही धास्ती तेथे खोटी ठरलेली होती.

या काळातला सर्वांत मोठा देखावा डर्बीशरमधील चॅट्सवर्थचा. डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकचे हे घर, आणि बागेचा मुख्य जोसेफ पॅक्सटन. पॅक्सटन शेतकऱ्याचा पोर, विशीत नोकरीला लागलेला. पण डोके असे की त्याने तेथे काचेचे एक प्रचंड उष्णगृह उभारले, आणि तो अनुभव पुढे १८५१च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामी आला. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून १८४४ मध्ये त्याने डोंगरावर तलाव खोदून एक कारंजे उडवले; पाणी जवळजवळ तीनशे फूट चढे. झार आला नाही. आली ती माणसे वेगळीच. १८४९ मध्ये जवळच्या राउझ्लीपर्यंत रूळ पोहोचले आणि त्या एका उन्हाळ्यात ऐंशी हजार लोकांनी चॅट्सवर्थ पाहिले. कापडाच्या गिरण्यांतले, भट्ट्यांवरचे हे कामगार आणि त्यांची कच्चीबच्ची. ड्यूकची आज्ञा होती की कारंजी सर्वांसाठी सोडावीत, येणारा कितीही सामान्य असो. सम्राटासाठी खोदलेले पाणी गिरणीकामगाराने पाहिले, ही गोष्ट मला त्या शतकातील कित्येक कायद्यांपेक्षा मोठी वाटते.

तरी हे औदार्य ड्यूकच्या मर्जीचे होते, आणि मर्जी फिरते. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य इंग्लंडात उतरू लागले, शेतीचे भाव कोसळले, खंड आटला आणि पुष्कळ फाटके बंद झाली. नोल येथे धन्याने उपवनातली जुनी वहिवाट अडवली, तेव्हा १८८४ मध्ये सेव्हनोक्सच्या गावकऱ्यांनी अडसराचे खांब उपटून त्याच्या दाराशी नेऊन टाकले. वहिवाटीचा तंटा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

तिसरी किल्ली सरकारच्या हातची, आणि तिचे नाव मृत्युकर. १८९४ मध्ये हा कर नव्या स्वरूपात आला तेव्हा सर्वांत मोठ्या इस्टेटीवरही तो शेकडा ८ होता. १९१९ मध्ये तो ४० झाला, १९४९ मध्ये ८०. (आपल्याकडे हाच कर १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये गेला, त्याने आपले वाडे पाडले नाहीत, त्या कामाला भाऊबंदकी पुरेशी होती.) पहिल्या महायुद्धात बाप आणि मुलगा पाठोपाठ गेलेल्या घराण्यांवर तर दुहेरी घाव बसला.

यावर तोड काढणाऱ्यांत जो माणूस पुढे होता त्याचे नाव आपल्याला अगदीच अपरिचित नाही. लॉर्ड लोथियन. हिंदुस्थानात मताधिकार कोणाला द्यावा हे ठरवायला १९३२ मध्ये जी समिती आली, आणि जिचे एक सभासद डॉ. आंबेडकर होते, तिचा हा अध्यक्ष. त्याला १९३० मध्ये नॉरफकमधले ब्लिकलिंग हॉल वारशाने मिळाले, आणि त्याबरोबर कराचा बोजाही. १९३४ मध्ये त्याने नॅशनल ट्रस्टपुढे भाषण करून सुचवले की, असे वाडे या संस्थेने पदरात घ्यावेत. ट्रस्ट १८९५ची, ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि पाद्री रॉन्स्ली या तिघांनी मोकळी माळराने आणि टेकड्या लोकांसाठी राखाव्यात म्हणून काढलेली. तिने घेतलेले पहिले घर म्हणजे अल्फ्रिस्टनचे एक पडके पाद्रीघर, १८९६ मध्ये, दहा पौंडांना! लोथियनच्या सूचनेवरून १९३७ आणि १९३९ मध्ये कायदे झाले. मालकाने वाडा आणि त्याच्या देखभालीपुरता निधी ट्रस्टला द्यावा, कर माफ व्हावा, कुटुंबाने भाडेकरू म्हणून तेथेच राहावे. अट एवढीच की ठरलेल्या दिवशी लोकांना आत येऊ द्यावे. लोथियन डिसेंबर १९४० मध्ये वॉशिंग्टनला राजदूत असतानाच वारला, आणि ब्लिकलिंग मृत्युपत्राने ट्रस्टकडे आले.

दान न देणारे होते, त्यांनी दुकान मांडले. एप्रिल १९४९ मध्ये बाथच्या मार्क्विसने लाँगलीटचे दार उघडले. दर माणशी अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. १९६६ मध्ये त्याने बागेत सिंह सोडले. नाके मुरडणाऱ्यांनी मुरडली, पण छप्पर टिकले. चॅट्सवर्थची कथा अधिक करुण. थोरला मुलगा १९४४च्या लढाईत पडलेला. दहाव्या ड्यूकने मालमत्ता धाकट्याच्या नावे केली होती. कर चुकायला पाच वर्षे जगणे जरूर होते. मुदतीला काही आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये तो गेला, आणि शेकडा ८० प्रमाणे कर बसला. हार्डविक हॉल सरकारला द्यावे लागले, चित्रे गेली, जमिनी गेल्या. ज्यांना हेही साधले नाही त्यांचे वाडे पाडले गेले; त्या शतकात हजारावर. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या नाशाचे प्रदर्शनच भरले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. कर बुडाला तर तो लोकांचा बुडतो, निधी लागला तर तो लोकांचा लागतो. म्हणून बसमधून उतरणारा माणूस पाहुणा राहिला नाही, भागीदार झाला. आणि भागीदार हिशेब मागतो.

पहिली मागणी चुलीकडची होती. वेल्समधील एर्डिग हे घर ट्रस्टला १९७३ मध्ये मिळाले. खालून कोळसा खणल्यामुळे ते अक्षरशः खचत होते. १९७७ मध्ये ते उघडले तेव्हा पाहुण्यांना पुढच्या दारातून नेण्याऐवजी मागच्या आवारातून, सुताराच्या शाळेवरून, भटारखान्यातून नेण्याचे ठरले. या घरच्या यॉर्क घराण्याला एक विलक्षण छंद होता. आपल्या नोकरांची, माळ्यांची, मोलकरणींची चित्रे आणि पुढे छायाचित्रे ते पिढ्यान् पिढ्या भिंतीवर लावत आले होते, खाली त्यांच्यावर रचलेल्या पद्यांसह. आजही पाहणाऱ्यांचे पाय तेथेच अधिक वेळ रेंगाळतात. सरदाराच्या तसबिरीत आपला पणजोबा सापडत नाही; माळ्याच्या सापडू शकतो.

दुसरी मागणी पैशाची, आणि ती कडू आहे. बर्कशरमधले बेसिल्डन पार्क फ्रान्सिस साइक्सने बांधले ते कासिमबाजारच्या नोकरीत मिळवलेल्या संपत्तीवर. पोविसच्या किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याचा संग्रह आहे. टिपूचा तंबू त्यातच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने स्वतःच अहवाल काढून ९३ स्थळांचा संबंध वसाहती किंवा गुलामगिरी यांच्याशी असल्याचे नोंदले, आणि इंग्लंडात गदारोळ उठला. आम्ही चहा प्यायला आणि गुलाब पाहायला येतो, हे कशाला ऐकवता, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. त्यांचा राग मला कळतो. सुटीचा एक दिवस, त्यात हे! पण वॉल्पोलच्या पाहुण्याला जे विचारता येत नव्हते ते तिकीट काढलेल्याने विचारले, यात अशिष्ट काही मला दिसत नाही.

लंडनला हाइड पार्कच्या कोपऱ्यावर वेलिंग्टनचे ॲप्स्ली हाउस आहे. १९४७ मध्ये सातव्या ड्यूकने ते राष्ट्राला दिले, काही दालने कुटुंबासाठी राखून. १९५२ मध्ये ते लोकांना खुले झाले. तेथे सोन्याचा मुलामा दिलेल्या रुप्याच्या ताटावाट्यांचा एक संच ठेवलेला आहे. ‘डेक्कन सर्व्हिस’ हे त्याचे नाव. दख्खनच्या फौजेतील अधिकाऱ्यांनी तो आपल्या सेनापतीला भेट दिला, २३ सप्टेंबर १८०३ची आठवण म्हणून. त्या दिवशी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा हटल्या. वेल्सलीचेही दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. जालना जिल्ह्यात असई गाव अजून आहे. बसने आलेल्या मंडळींपैकी कोणी डेक्कन म्हणजे कोठे असे विचारले, तर दाखवायचे गाव ते.