फुफ्फुसाचा कर्करोग : निदान

फुफ्फुसातील गाठ कर्करोगाचीच आहे का, कोणत्या प्रकारची आहे आणि कुठवर पसरली आहे, हे ठरवण्याची प्रक्रिया.

भारतात एक्स-रेवरच्या डागाला पहिले नाव बहुधा क्षयाचे मिळते. रेंगाळलेला खोकला, घटलेले वजन, थुंकीतून रक्त ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि कर्करोगाला मोलाचे महिने मिळतात.

शिक्कामोर्तब होते ते तुकडा तपासल्यावरच. सीटी स्कॅनवर पाहत सुईने किंवा श्वासनलिकेत दुर्बीण घालून बायॉप्सी घेतात. छातीत पाणी झाले असेल तर त्यातही पेशी सापडू शकतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती घराघरांत असते. सुईच्या वाटेने पेशी रुजणे अत्यंत विरळ. फुफ्फुसातून हवा गळण्याचा धोका त्याहून खरा, म्हणून सुईनंतर काही तास रुग्णावर लक्ष ठेवतात.

रिपोर्टमध्ये आधी प्रकार पाहावा. सुमारे ८५ टक्के रुग्णांत तो ‘नॉन-स्मॉल सेल’ असतो. उरलेला ‘स्मॉल सेल’ झपाट्याने पसरतो. पहिल्या गटातला अ‍ॅडिनोकार्सिनोमा विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्यांनाही होतो.

त्यापुढे जनुके. ईजीएफआर जनुकातील बदलांचा आणि जेफिटिनिब या औषधाच्या गुणाचा संबंध २००४ साली उघड झाला. असे बदल पाश्चात्त्यांपेक्षा भारतीय रुग्णांत अधिक आढळतात. ही तपासणी बहुधा बायॉप्सीचा तुकडा जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून, म्हणजे ‘ब्लॉक’मधून होते. नातेवाईक जाडजूड फाइल सांभाळतात आणि ब्लॉक लॅबमध्येच विसरतात! परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णांकडे स्लाइडबरोबर तोही मागतात.

टप्पा ठरतो पेट स्कॅन आणि मेंदूच्या एमआरआयवरून. छातीतल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी निघाल्या, तर गाठ लहान असूनही टप्पा चौथा. या टप्प्यात रोग सहसा समूळ जात नाही; तरीही २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या क्राउन चाचणीच्या निष्कर्षांत, एएलके जनुकात बदल असलेल्या आणि लॉर्लॅटिनिब हे औषध घेणाऱ्या सुमारे ६० टक्के रुग्णांचा रोग पाच वर्षांनंतरही वाढलेला नव्हता.

‘डॉक्टर, त्यांना सांगू नका’ ही विनंती प्रेमापोटीच होते. पण उपचारांच्या संमतिपत्रावर सही रुग्णाचीच लागते आणि केमोथेरपीच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरून सगळे कळतेच. म्हणून रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टर आधी त्यालाच विचारतात.