खंदकातली भाकरी



स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा मला आपला इतिहासाचा तास आठवला. पहिलं महायुद्ध चाललं होतं. फळ्यावर ‘कारणे’ आणि ‘परिणाम’ असे दोन रकाने आखलेले. मागच्या बाकावरून मी उभा राहून विचारलं, “सर, ती माणसं चार वर्षं खड्ड्यात बसून होती, तर जेवत काय होती?” सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, “प्रश्न चांगला आहे, पण पुस्तकात उत्तर नाही. तू शोध आणि मला सांग.” परीक्षेत तो प्रश्न येणार नव्हता, म्हणून मी शोधलं नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा शोधलं. उत्तर फार उशिरा देतो आहे, सरांनी उशिराची वही चालवून घ्यावी.

आधी हे युद्ध आपल्याला किती जवळचं होतं, ते पाहू. आपण शाळेत होतो तेव्हा हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती; १९९९ साली ती वेगळी झाली. निजामाच्या काळात त्या हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत सामील झाली आणि तिच्या पहिल्या रिसाल्याला नाव मिळालं २०वी डेक्कन हॉर्स. त्यात दख्खनी मुसलमान, शीख आणि जाट स्वार होते. १९१४ मध्ये हा रिसाला फ्रान्सला गेला. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हे स्वार हाती भाले घेऊन उभ्या पिकातून जर्मनांवर चालून गेले. पण तो दिवस अपवादाचा. एरवी काटेरी तारा आणि मशिनगनपुढे घोड्याचा उपयोग नव्हता. घोडे मागे बांधून स्वारांनाही पाळीपाळीने खंदकात बसावं लागे.

खंदकातला दिवस आपल्या दिवसाच्या उलटा असे. पहाटे अंधारात सगळ्यांनी बंदुका घेऊन सज्ज व्हायचं, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी होई. उजाडलं की डोकं वर काढायचं नाही. दिवसा आळीपाळीने झोप, बंदुकीची सफाई, कपड्यांतल्या उवा मारणं. खरी कामं रात्री : तारा दुरुस्त करणं, चिखल उपसणं, माती भरलेली पोती रचणं, मागून पाणी आणि जेवण आणणं. पुढच्या खंदकात चूल पेटवली की धूर दिसे आणि धुरामागोमाग तोफगोळा येई. म्हणून आपल्या शिपायांच्या पोळ्या मागे भाजून रात्री पुढे पोचवत. गार पोळी, डाळ, गुळाचा खडा. सर, उत्तराचा पहिला भाग हा.

दुसरा भाग मला शोधताना सापडला. ती माणसं जेवत होती तशी हसतही होती. आणि गोऱ्या शिपायांच्या त्या हसण्यात आपले शब्द होते.

इंग्रज शिपाई मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘विलायती’चा अपभ्रंश. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या गोऱ्या पलटणींनी तो उचलला आणि महायुद्धात तो सगळ्या फौजेच्या तोंडी बसला. जीव जाणार नाही, हातपाय तुटणार नाही, पण घरी पाठवावंच लागेल, अशा बेताच्या जखमेलाही ‘ब्लायटी’ म्हणत. तशी जखम झालेल्याचं बाकीचे अभिनंदन करत! जिथे गोळीबार कमी त्या खंदकाला ‘कुशी’ म्हणत, ते आपलं ‘खुश’. जरा बघून घेणं म्हणजे ‘डेक्को’, आपलं ‘देखो’. पावाला ‘रूटी’, म्हणजे रोटी. फौजेत इतकी वर्षं रोटी खाल्ली म्हणून मिळतं ते दीर्घ सेवेचं पदक, त्याला ते ‘रूटी गाँग’ म्हणत.

आपल्या शिपायांची थट्टा मात्र लपून चाले. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घ्यायची आणि ती घरी पोचण्याआधी सेन्सॉरचा साहेब वाचणार. म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातले शब्द वापरले. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे, असं लिहिलं की घरच्यांनी समजायचं. साहेबांनाही ते लगेच समजलं, कारण एकाच फौजेतले इतके लोक मसाल्याची चौकशी करू लागले तर कोणालाही शंका येईल. पत्रांचे उतारे साहेबांनी भाषांतर करून फायलीत ठेवले, म्हणूनच ते आज वाचायला मिळतात. सेन्सॉरने चोरून वाचलं नसतं तर ही थट्टाही उरली नसती.

मराठी माणसाची मोठी आघाडी मात्र फ्रान्सची नव्हती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या तिकडे लढल्या, पण मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिकडे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या.

१९१५ च्या मे अखेरीस या डिव्हिजनने कुर्नाजवळ पुराच्या पाण्यातून हल्ला केला. सगळा मुलूख दलदलीचा, म्हणून शेकडो देशी होड्या गोळा केल्या. लांब काठ्यांनी त्या रेटायला शिपायांना शिकवलं. सेनापती होते जनरल टाउनशेंड. फौजेने या लढाईला नाव ठेवलं ‘टाउनशेंडची रेगाटा’, म्हणजे साहेबलोकांची नावांची शर्यत. मराठा पलटणीत कोकणातले होते आणि घाटावरचेही. होडीत उभं राहताना कोण कोणाला हसलं असेल, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

हे हसू फार दिवस टिकलं नाही. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला डिव्हिजनची मोठी हानी झाली आणि ती मागे फिरून कुत अल अमारा या गावी थांबली. तिग्रिस नदीच्या वळणात वसलेलं हे गाव, तीन बाजूंना पाणी. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा घातला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने चालला.

जानेवारीत नदीला पूर आला आणि खंदक पाण्याने भरले. तुर्कांचेही भरले. दोन्ही बाजूंचे शिपाई आपापली गोळीबाराची जागा सोडून पाणी उपसत होते. पुढे धान्य संपत आलं. जव होता, पण दळायचा कसा? तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या गेल्या. आपल्याकडे दळण घेऊन गिरणीवर जातात, तिथे दळायचं साधनच आकाशातून आलं. एप्रिलमध्ये विमानांनी पिठाची पोतीही टाकली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानाने अन्न पुरवण्याचा जगातला तो पहिलाच मोठा प्रयत्न. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. तंबाखू संपल्यावर लोक लिंबाची पानं, सुंठ आणि वाळवलेला चहाचा चोथा ओढू लागले. शेतकऱ्यांची पोरं ती. खंदकाच्या आसपास जो हिरवा पाला उगवेल तो खुडून भाजी करायची. आपल्याकडे तांदुळजा, पाथरी, चिघळ डोळे मिटून ओळखतात, पण ती माती परकी होती. विषारी पाला खाऊन काही जण आजारी पडले, काही दगावले.

शेवटी माणशी रोजचं पीठ उरलं सुमारे १४० ग्रॅम. म्हणजे आपल्या मापाने एक-दीड भाकरी, दिवसभराची.

घोडे आणि खेचरं कापून गोरे शिपाई केव्हापासूनच खात होते. आपल्या बहुतेकांनी एप्रिलपर्यंत नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरी मन होईना. पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत हे हट्टीपणा म्हणून नोंदलं आहे. पण शिपायांच्या मनातली भीती वेगळी होती. आपण घोडा खाल्ला हे गावात कळलं तर पंगतीत कोण घेईल? पोरीला स्थळ कोण देईल? मरणापेक्षा परत गेल्यावर काय होईल, याची धास्ती मोठी होती. म्हणजे त्यांनी परत जायचं धरूनच ठेवलं होतं. मला हे वाचताना माझा वर्गातला प्रश्न आठवला आणि सगळा वर्ग हसला होता तेही. जेवणाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. एप्रिलच्या मध्यापर्यंत उपासमारीने बहुतेकांचा नकार मोडला.

बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा उठला नाही. २९ एप्रिलला सुमारे १३,००० लोक तुर्कांच्या हाती गेले. त्यात बहुसंख्य आपले होते : शिपाई, भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परतले नाहीत.

त्याच वर्षी, कुतचा वेढा चालू असताना, १२ फेब्रुवारी १९१६ रोजी बेल्जियमच्या आघाडीवर ‘वायपर्स टाइम्स’ नावाचं विनोदी पत्र निघालं. कॅप्टन रॉबर्ट्स यांच्या माणसांना ईप्र गावाच्या पडक्या घरांत छापखाना सापडला होता. गावाचं नाव गोऱ्यांना उच्चारता येईना, म्हणून ‘वायपर्स’. त्यात खोट्या जाहिराती, वरिष्ठांची टिंगल, सगळं होतं. आज त्याची पुस्तकं विकत मिळतात. कुतमध्ये कैद झालेल्या बंगाली रुग्णसेवकांपैकी शिशिर सर्वाधिकारी यांनी आपली हकिकत लिहिली, ती १९५७ मध्ये बंगालीत छापली गेली. ज्याच्याकडे छापखाना होता त्याचं हसू उरलं. ज्याला लिहिता येत होतं त्याचं रडू उरलं. आपल्या मराठा शिपायाकडे दोन्ही नव्हतं. त्याची पलटण, त्याचा आकडा उरला. तो कशावर हसायचा ते गेलं.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळी, सासुरवाडीला, शेजारी एखादा फौजी होऊन गेला असेल. जुनी ट्रंक उघडून पाहा. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं असे, म्हणून अशी कितीतरी पदकं अडचणीच्या वर्षी सराफाकडे गेली. एखादं राहिलं असेल तर त्याची कड उजेडात धरा. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्यावरून माणूस शोधता येतो. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर लढाई विचारू नका, ती पुस्तकात आहे. ते काय खात होते आणि कशावर हसत होते, ते विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा ते कागद सोबत आणा.

सर, त्या दिवशी तुम्ही मला खाली बसवलं नाही, शोध म्हणालात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी आणलं आहे. उरलेलं अर्धं या वर्गातल्या कोणाच्या तरी घरी असेल.